खालच्या पायरीवरचे प्राणी

घराच्या फडताळावर, दाराच्या मुठीवर, किल्ल्या अडकवण्याच्या फळीवर किंवा जेवणाच्या टेबलावर दिसणाऱ्या प्राण्यांच्या लहान, खेळकर आकृती हा आजच्या बंगळुरूतील गृहसजावटीचा सर्वपरिचित भाग आहे. लाकडी हत्ती, घुबड, जिराफ, मांजर अशा या वस्तूंकडे अलीकडची हौस म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती सजावटीच्या दुकानांपाशी थांबत नाही, तर एकीकडे नवरात्रात घरोघरी मांडल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपर्यंत आणि दुसरीकडे शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टण या गावच्या कातारी कारागिरांपर्यंत जाऊन पोचते. या दोन ठिकाणी प्राण्याला जे रूप आणि जे स्वातंत्र्य मिळाले, त्यांच्याच बळावर तो पुढे दिवाणखान्यात आला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दख्खनच्या घरात प्राण्याची प्रतिमा अतिप्राचीन काळापासून आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची पेटी सापडली. तिच्यात व तिच्यासोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल मिळाला असून, या वस्तूंचा काळ इसवी सनापूर्वी १३०० च्या सुमाराचा मानला जातो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात मिळालेला, पाठीवर स्वार घेतलेला छोटा कांस्य हत्तीही याच दीर्घ परंपरेतला आहे. मध्ययुगीन आणि उत्तरकालीन मराठी घरात मात्र प्राणी बहुधा उपयोगाच्या वस्तूला चिकटून आला. खुंटीच्या टोकाला घोड्याचे किंवा पोपटाचे तोंड, कुंकवाच्या करंड्याला मोराचा आकार, अडकित्त्याच्या दांड्यांत पक्ष्याची बाकदार मान आणि टांगत्या दिव्यावर हत्ती अशी ही योजना होती, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांची व अडकित्त्यांची दालने पाहिली असता या कल्पकतेची व्याप्ती ध्यानात येते. काही उपयोग नसलेला, केवळ पाहण्यासाठी उभा केलेला सुटा प्राणी घरात येण्यासाठी वेगळे निमित्त लागत असे, आणि ते निमित्त आराशीने पुरवले.

आरास म्हणजे देवतेपुढे केलेली वस्तूंची शोभिवंत मांडणी. मराठी घरांत तिचे सर्वांत समृद्ध रूप चैत्रगौरीपुढे दिसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यात बसते, तिच्यापुढे कापडाने झाकलेल्या पायऱ्या रचल्या जातात, त्यांवर फळे, फराळाचे पदार्थ आणि घरातली खेळणी मांडली जातात, आणि आंब्याची डाळ व पन्हे देऊन हळदीकुंकू होते. अंगणातल्या चैत्रांगणाच्या रांगोळीत देवीच्या चिन्हांसोबत कासव, नाग, हत्ती, मोर यांनाही जागा असते. आश्विनात हस्त नक्षत्राच्या दिवसांत पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती मुली भोंडल्याचा फेर धरतात. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ फुलवतात आणि गुहेत मातीचा वाघ बसवतात. या सर्व प्रसंगी प्राणी पूजेच्या केंद्रस्थानी नसतो. तो देवतेच्या परिसराची शोभा असतो, आणि म्हणूनच त्याच्या रूपावर शास्त्राचे बंधन नसते.

बंगळुरूशी मराठी समाजाचा संबंध आदिलशाही काळापासूनचा आहे. रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये केम्पेगौडाच्या वंशजांकडून हे शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आले आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी तंजावरला गेल्यानंतर, १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या स्वाधीन केले. राजकीय सत्ता जेमतेम अर्धशतक टिकली, परंतु कर्नाटकात आणि तंजावरकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी स्थानिक सण आपलेसे केले, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या अनेक मराठी घरांत वसंतातली चैत्रगौर आणि शरदातला बाहुल्यांचा उत्सव अशा दोन्ही आराशी एकाच संसारात नांदताना दिसतात.

बाहुल्यांच्या या उत्सवाला कन्नडमध्ये गोंबे हब्ब किंवा बोंबे हब्ब म्हणतात. गोंबे म्हणजे बाहुली आणि हब्ब म्हणजे सण. राजा वोडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याचा राजोत्सव सुरू केला आणि पुढे तो म्हैसूरला गेला. घरगुती बाहुल्यांची मांडणी ही याच उत्सवाची गृहस्थी बाजू म्हणता येईल. तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचल्या जातात. मानाच्या जागी कलश आणि ‘पट्टद गोंबे’ असतात. पट्टद गोंबे म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी. ती पारंपरिकरीत्या रक्तचंदनाची असते आणि विवाहात मुलीला माहेराहून दिली जाते. त्यांच्याखाली देवदेवता, दशावतार, पुराणकथांतील प्रसंग येतात, मग साधुसंत, आणि अगदी खाली मर्त्य संसार: धान्य-मसाल्यांचे दुकान मांडून बसलेले वाणी जोडपे, लग्नाची वरात, बाजार, शेत, वन आणि वनातले प्राणी. समोरच्या जमिनीवर माती पसरून त्यात नाचणी किंवा मोहरी पेरतात आणि त्या हिरवळीत उद्यान किंवा प्राणिसंग्रहालय उभे करतात. दिवाळीचा किल्ला पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवखी वाटणार नाही.

या रचनेत एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि गृहसजावटीचा इतिहास लिहिताना तिच्याकडे पुरेसे लक्ष द्यायला हवे. वरच्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. कोणता अवतार कोणाच्या आधी, देवीच्या हाती कोणते आयुध, याला नियम असतो. खालच्या पायरीवर आणि जमिनीवर मात्र घरातल्या स्त्रियांना व मुलांना मुभा असते. तेथे हत्तीशेजारी आगगाडी चालते, सिंहाशेजारी गाय बसते, प्रमाणाचा विचार न करता पोपट घोड्याहून मोठा असतो. दर वर्षी एखादी नवी बाहुली घेण्याची प्रथा असल्याने संग्रह वाढत जातो, आणि ही भर खालच्या पायऱ्यांवर सर्वांत सहज पडते, कारण वर जागा ठरलेल्या असतात. शेजारची मुले बाहुल्या पाहायला येतात व त्यांना खाऊ दिला जातो. म्हणजे ही मांडणी पाहुण्यांसाठीही असते. घरातल्या बाईची निवड, पाहुण्याची नजर आणि खेळकर प्राणी या तिन्हींचा मेळ सजावट हा शब्द वापरात येण्याच्या पुष्कळ आधी या पायरीवर बसला होता.

खालच्या पायरीला लागणारे प्राणी अनेक ठिकाणांहून येत. आंध्रातल्या कोंडपल्लीच्या आणि कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळच्या कोरीव व रंगवलेल्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत, तंजावरची मान डोलावणारी बाहुली आहे. परंतु बंगळुरूच्या घराला सर्वांत जवळचे केंद्र चन्नपट्टण हेच होते. लाखकाम व खेळणी, वाद्यांसाठी लागणाऱ्या पोलादी तारा आणि काचेच्या बांगड्या यांसाठी या गावाची ख्याती असल्याचा उल्लेख म्हैसूर संस्थानविषयीच्या ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत मिळतो. कन्नडमध्ये त्याला ‘गोंबेगळ ऊरू’, म्हणजे बाहुल्यांचे गाव, असेच म्हणतात. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला येथे रुजवली, अशी परंपरा सांगतात. टिपूच्या दरबारात लाकडी प्राण्यांची आवड होती यात शंका नाही. त्याच्यासाठी तयार केलेला आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांनी नेलेला, युरोपीय माणसावर झेपावणारा, पोटात वाद्ययंत्र असलेला पावणेदोन मीटर लांबीचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पण तो वाघ सत्तेचे चिन्ह होता. चन्नपट्टणच्या प्राण्यांत असा कोणताही दावा नसतो, आणि त्यांचे हे निरुपद्रवी, गोलमटोल रूप राजाच्या आवडीतून आलेले नसून यंत्राच्या स्वभावातून आले आहे.

ते यंत्र म्हणजे लेथ, अर्थात लाकूड स्वतःभोवती फिरवून त्याला हत्याराने आकार देण्याचे साधन. लेथवर काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. पूर्वी धनुकलीच्या दोरीने लाकूड मागेपुढे फिरवत, आता वीज वापरतात. लाकूड मुख्यतः ज्याला मराठीत काळा कुडा आणि कन्नडमध्ये हाले म्हणतात त्या झाडाचे असते. ते पांढुरके, हलके, बारीक पोताचे असते आणि हस्तिदंतासारखे दिसते. ओंडके काही महिने सुकवून त्यांचे ठोकळे पाडतात, ठोकळा लेथवर चढवून पटाशीने आकार देतात व घासून गुळगुळीत करतात. रंगकाम निराळ्या वेळी, ब्रशाने होत नाही. लाख, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून मिळणारी राळ, रंगद्रव्यासह तापवून तिच्या कांड्या वळतात. ठोकळा वेगाने फिरत असताना ही कांडी त्याच्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर चढतो. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे सुके पान फिरत्या पृष्ठभागावर दाबून तो थर सारखा पसरवतात व त्याला चकाकी आणतात. हळद, नीळ, कात अशा वनस्पतिजन्य रंगांचा वापर या कामात होतो, आणि लहान मूल जी वस्तू तोंडात घालणार तिच्यासाठी तो विशेष मोलाचा ठरतो.

लेथवर जे घडते ते गोलच असते: चेंडू, अंडे, लंबगोल, कडे, शंकू. म्हणून चन्नपट्टणचा हत्ती म्हणजे एक अंडाकृती धड, एक गोल डोके आणि भोके पाडून खुंट्यांनी बसवलेले कान व पाय. त्याच्या अंगावरचे पट्टे वर्तुळाकार असतात, कारण लाख फिरत्या लाकडावरच चढते. डोळ्यांचे दोन ठिपके सोडले तर चेहऱ्याला तपशील नसतो. प्राण्याचे वास्तव रूप गाठण्याचा मार्गच कारागिराला बंद असतो, आणि त्याने त्या बंदिस्तपणातून काढलेली युक्ती म्हणजे हा लडिवाळ, थोडासा अचंबित दिसणारा जीव. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या झाइफेन गावी लेथवाल्यांनी याच अडचणीवर वेगळी तोड काढली होती. तेथे लाकडाचे मोठे कडे अशा रीतीने कातले जाते, की त्याचा आडवा छेद घोड्याच्या किंवा गाईच्या आकाराचा व्हावा, आणि मग त्या कड्याचे खापांसारखे काप करून डझनावारी प्राणी मिळवले जातात. झाइफेनच्या काताऱ्याने वर्तुळ लपवले. चन्नपट्टणच्या काताऱ्याने ते उघडपणे प्राण्याच्या अंगात ठेवले. आधुनिक घराच्या साध्या, रेषाबद्ध फर्निचरवर चन्नपट्टणचा प्राणी सहज शोभतो, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

या कलेच्या आधुनिक रूपाशी बावस मियाँ या कारागिराचे नाव जोडले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते जपानला जाऊन तेथील खेळणीनिर्मितीचे तंत्र शिकून आले आणि आपले ज्ञान त्यांनी गावच्या कारागिरांना दिले, असे सांगतात. जपानच्या ईशान्य भागातील कोकेशी नावाच्या, हातपाय नसलेल्या, लेथवर कातलेल्या बाहुल्या आणि चन्नपट्टणच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या तर दोहोंतले साम्य डोळ्यांत भरते.

महाराष्ट्रातले समांतर उदाहरण सावंतवाडीचे आहे, आणि ते वेगळे असल्यामुळेच उपयोगी आहे. तेथील चितार आळीतले कारागीर लाकूड कोरून त्यावर कुंचल्याने रंगकाम करतात. लाकडी फळे, खेळणी आणि दशावतारी गंजिफांचे १२० पत्त्यांचे जोड ही त्यांची ख्याती आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच या कामाला आश्रय देऊन ते तगवले. सावंतवाडीचे लाकडी फळ खरे वाटावे म्हणून केलेले असते. चन्नपट्टणच्या हत्तीने असा प्रयत्न कधीच केला नाही.

बंगळुरूच्या दिवाणखान्यात या लेथच्या प्राण्याच्या आधी प्रतिष्ठेचे स्थान दुसऱ्याच हत्तीला होते. म्हैसूरच्या शिसवी लाकडाचा, हस्तिदंताचे जडावकाम केलेला वजनदार हत्ती निरोपसमारंभांत व विवाहांत भेट दिला जाई. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्णपणे बंद झाला आणि जडावकामात प्लॅस्टिक आले. हत्तीच्या जिवावर घडणारी हत्तीची प्रतिमा संपली, हे योग्यच झाले.

खालच्या पायरीवरून प्राणी कायमचा दिवाणखान्यात येण्यात एका साध्या फर्निचरचा मोठा वाटा आहे, तो म्हणजे काचेच्या दारांची शोकेस. बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी १९४० मध्ये, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये, एचएमटी १९५३ मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, आणि देशभरातून, महाराष्ट्रातूनही, आलेल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती शहराच्या कडेने वसल्या. याच काळात १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. त्याची धुरा मूळच्या मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडे होती, आणि हस्तकलेची वस्तू शहरी मध्यमवर्गाच्या घरात नेण्याचे धोरण आखले गेले. कर्नाटक राज्य हस्तकला विकास महामंडळ १९६४ मध्ये निघाले व त्याच्या ‘कावेरी’ या दालनात चन्नपट्टणची खेळणी शिसवी हत्तीच्या शेजारी आली. सरकारी वसाहतीतल्या छोट्या घरात नवरात्र संपल्यावर बाहुल्या पेटीत ठेवल्या जात, पण दोनचार आवडते प्राणी शोकेसमध्ये राहत. शोकेस ही वर्षभर उभी असलेली पायऱ्यांची आरासच होती. फक्त तिच्यात वरच्या पायऱ्या नव्हत्या.

खेळणी म्हणून मात्र या प्राण्यांवर पुढे संकट आले. उदारीकरणानंतर स्वस्त चिनी प्लॅस्टिक खेळण्यांनी बाजार व्यापला आणि चन्नपट्टणच्या अनेक कुटुंबांनी लेथ सोडले. भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, २००५-०६ मध्ये या खेळण्यांना मिळाले. परंतु नाव सुरक्षित झाल्याने ग्राहक परत येत नाही. ग्राहक परत आला तो मुख्यतः सजावटीच्या मार्गाने. माया ऑर्गॅनिकसारख्या बंगळुरूतील संस्थांनी कारागिरांसोबत काम सुरू केले, आणि त्यातून पेनस्टँड, रुमालाची कडी, चुंबक, दाराच्या मुठी, दिव्याच्या साखळीचे टोक असे प्राणिरूप नग बाजारात आले. खुंटीवरचा पोपट आणि करंड्याचा मोर यांच्या उपयुक्ततेकडे प्राणी अशा रीतीने पुन्हा वळला. प्राण्यांची निवडही बदलली: हत्ती, घोडा, पोपट यांच्या जोडीला जिराफ, पाणघोडा, मांजर आणि घुबड आले. लक्ष्मीचे वाहन असूनही जुन्या घरांत अशुभ मानले जाणारे घुबड आज हौसेने फडताळावर बसवले जाते, आणि हा बदल साधासुधा नाही. प्राण्याच्या शुभाशुभाचे ओझे उतरून त्याचा आकारच आवडीचा विषय झाल्याची ती खूण आहे.

अलीकडच्या धोरणांनी खेळण्यांनाही थोडा हात दिला. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या उत्पादनांना त्यातून सूट देण्यात आली. घरच्या लेथवर काम करणाऱ्या कुटुंबाला कारखान्यासाठी आखलेला चाचण्यांचा खर्च झेपला नसता, त्यामुळे ही सूट अत्यावश्यक होती. परंतु मार्च २०२३ मध्ये खुला झालेला बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्ग चन्नपट्टणला बाहेरून वळसा घालून जातो, आणि जुन्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या खेळण्यांच्या दुकानांचे गिऱ्हाईक त्याने तोडले. म्हैसूरच्या सहलीहून परतताना गाडी थांबवून एखादा रंगीत घोडा घेण्याची बंगळुरूकरांची सवय या दुकानांना पोसत होती.

रस्त्याकडेचे दुकान हे विक्रीचे ठिकाण होते, तसेच नव्या आकृतीच्या परीक्षेचेही. काताऱ्याने स्वतःच्या मनाने एखादा प्राणी घडवावा, तो दुकानात ठेवावा, मुलांनी त्याला हात घालावा किंवा घालू नये आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचे काम ठरावे, अशी ही पद्धत होती. आता आकृती बहुतांशी बंगळुरूत कागदावर किंवा संगणकावर आखली जाते आणि चन्नपट्टणला ती मापासह पाठवली जाते. यामुळे कारागिराला नियमित मजुरी मिळते आणि वस्तूची सफाई वाढते, हे मान्य केलेच पाहिजे. पण अंड्यावर चेंडू ठेवून त्याला हत्ती म्हणण्याचे धाडस ज्या हातांनी केले, त्या हातांकडे नवे रूप सुचवण्याचे काम उरले नाही, तर पुढचे प्राणी सुबक असतील आणि एकमेकांसारखेच असतील. संस्था, महामंडळ आणि घर सजवणारा ग्राहक या तिघांनीही नग मागवताना काताऱ्याच्या स्वतःच्या आकृतींसाठी मागणीचा काही हिस्सा राखून ठेवणे, आणि त्या आकृतीसोबत तिच्या कर्त्याचे नाव छापणे, आजच्या घडीला शक्य आहे आणि निकडीचेही आहे.